आवडीच्या यादीमागचे राजकारण

जगातील सर्वश्रेष्ठ चित्रपट कोणता, या प्रश्नाचे उत्तर दर दहा वर्षांनी नव्याने शोधले जाते. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचे ‘साइट अँड साउंड’ हे नियतकालिक १९५२ पासून समीक्षकांचा कौल घेत आले आहे. पहिल्या कौलात डी सिका यांचा ‘बायसिकल थीव्ज’ अव्वल ठरला. १९६२ ते २००२ या काळातील पाचही कौलांत ‘सिटिझन केन’चे स्थान अढळ राहिले. २०१२ मध्ये हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’ने त्याला मागे टाकले.

२०२२ चा निकाल मात्र अनेकांच्या पचनी पडला नाही. बेल्जियन दिग्दर्शिका शांताल अकरमन यांचा १९७५ मधील ‘जान दिएलमान’ प्रथम आला. ब्रुसेल्समधील एका विधवेचे तीन दिवसांचे घरकाम तीन तासांहून अधिक काळ शांतपणे न्याहाळणारा हा चित्रपट. स्त्री दिग्दर्शिकेची कलाकृती अग्रस्थानी येण्याची ही पहिलीच वेळ. गुणवत्तेपेक्षा वैचारिक सोयीला महत्त्व मिळाल्याचा सूर उमटला. दिग्दर्शक पॉल श्रेडर यांनीही जाहीर नापसंती नोंदवली.

या आक्षेपात तथ्य किती? २०१२ मध्ये ८४६ जणांनी मते दिली होती, २०२२ मध्ये १,६३९ जणांनी. प्रत्येकाने दहा चित्रपटांची नावे द्यायची आणि प्रत्येक नावाला एक मत, अशी ही पद्धत आहे. मतदार बदलले की निकाल बदलणारच. जुनी यादीही तितक्याच मर्यादित वर्तुळाची आवड होती. फक्त ते वर्तुळ कोणाच्या डोळ्यांत खुपत नव्हते.

भारतीय प्रेक्षकांनी विचार करावा असा मुद्दा वेगळाच आहे. २०२२ च्या पहिल्या शंभरांत एकच भारतीय चित्रपट आहे : ३५ व्या स्थानावरील ‘पथेर पांचाली’. १९९३ मध्ये लंडनमधील एका प्रयोगशाळेच्या आगीत सत्यजित राय यांच्या अनेक चित्रपटांच्या निगेटिव्ह होरपळल्या. अमेरिका व इटलीतील तज्ज्ञांनी परिश्रमपूर्वक संवर्धन केल्यामुळेच २०१५ मध्ये ‘अपू’ चित्रत्रयी पुन्हा झळाळत्या रूपात पडद्यावर आली.

हे भाग्य सर्वांच्या वाट्याला येत नाही. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चे आज काही अंशच उपलब्ध आहेत. पुण्यात २००३ मध्ये लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा भस्मसात झाला. जो चित्रपट टिकलाच नाही, तो कोणाच्या आवडीचा कसा ठरणार? आणि टिकूनही जो स्वच्छ प्रतीत, नेमक्या उपशीर्षकांसह परदेशी समीक्षकापर्यंत पोहोचला नाही, त्याला मत कोण देणार?

श्रेष्ठतेच्या यादीवर वाद जरूर घालावा. परंतु त्या यादीत मराठी वा अन्य भारतीय नावे दिसावीत, अशी इच्छा असेल, तर त्याची सुरुवात मतपत्रिकेपासून नव्हे, फिल्मच्या डब्यांपासून करावी लागेल.