घाट वर्षातून एक दिवस मोकळा, बाकी दिवस पोरं हायवेच्या कडेला

सातारा : सप्टेंबर जवळ आला की यवतेश्वरच्या घाटात पहाटेपासूनच पळणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. २०१२ पासून होणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉननं जिल्ह्याला धावण्याचं वेड लावलं, हे आता वेगळं सांगायला नको. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यानं पुढं जायचं आणि तोच घाट उतरून परत यायचं. एकूण २१ किलोमीटर ९७ मीटर. त्या रविवारी रस्ता गाड्यांसाठी बंद असतो, जागोजागी पाणी असतं, रुग्णवाहिका असते, लोक टाळ्या वाजवतात.

प्रश्न उरलेल्या ३६४ दिवसांचा आहे. कारण जिल्ह्यातली बहुतेक धाव त्या घाटात होत नाही. ती होते कोरेगाव, खटाव, माण, फलटणच्या रस्त्यांच्या कडेला, अंधारात आणि अंगावर येणाऱ्या गाड्यांच्या उजेडात.

एकाच रस्त्यावर दोन जत्थे

ग्रामीण तालुक्यात पहाटे धावणारे सरळसरळ दोन गटांत मोडतात.

पहिला गट भरतीवाल्या पोरापोरींचा. पोलीस, सैन्य, वनरक्षक. जिल्ह्याला फौजेची परंपरा आहे. अपशिंगे गावाच्या नावापुढं लोक 'मिलिटरी' लावतात ते उगाच नाही. या पोरांना धावणं म्हणजे छंद नाही, ती नोकरीची पायरी आहे.

दुसरा गट चाळिशीच्या आसपासचा. शिक्षक, डॉक्टर, दुकानदार, बँकेतले कर्मचारी, द्राक्ष-डाळिंबवाले शेतकरी. कुणाला डॉक्टरनं साखर वाढल्याचं सांगितलेलं असतं, कुणाला पोट कमी करायचं असतं, कुणी मित्राच्या नादानं आलेलं असतं. आधी चालणं, मग पाच किलोमीटर, मग दहा, मग साताऱ्याचा घाट आणि जमलं तर जानेवारीत मुंबई. २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनला तालुक्याच्या गावांतून गाड्या करून जाणारे गट आता नवीन राहिलेले नाहीत. काही जण तर दक्षिण आफ्रिकेतली सुमारे ९० किलोमीटरची कॉम्रेड्सही १२ तासांच्या आत पुरी करून आलेत.

दोन्ही गट एकाच वेळी, एकाच रस्त्यावर पळतात. पण त्यांच्यात बोलणं फारसं होत नाही. खरं तर दोघांनाही एकमेकांकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

पाच मिनिटं दहा सेकंदांचं ओझं

पोलीस भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यात मुलांची १६०० मीटर धाव २० गुणांची आणि मुलींची ८०० मीटर धावही २० गुणांची. पूर्ण गुण हवे असतील तर मुलाला ५ मिनिटं १० सेकंदांत, मुलीला २ मिनिटं ५० सेकंदांत अंतर संपवावं लागतं. मुलांच्या बाबतीत हा वेग किलोमीटरला साधारण सव्वातीन मिनिटं पडतो. लेखी परीक्षेला किती जणांना बोलवायचं ते मैदानी गुणांवर ठरतं, त्यामुळं दोन-चार सेकंदांवर वर्ष जातं किंवा राहतं.

याचा परिणाम सरावावर होतो. बरीच पोरं रोज घड्याळ लावून १६०० मीटर जीव तोडून पळतात. डांबरी रस्ता, झिजलेले बूट, ना अंग गरम करणं, ना विश्रांतीचा दिवस. महिना-दोन महिन्यांत नडगीचं हाड दुखायला लागतं, गुडघा धरतो. मग पट्टी बांधून, गोळी खाऊन पुन्हा तेच. नडगीच्या दुखण्याकडं दुर्लक्ष केलं तर हाडाला बारीक तडा जाऊ शकतो आणि ऐन भरतीच्या तोंडावर पोरगं घरी बसतं.

लांब पल्ल्याची धाव करणाऱ्यांचा हिशेब याच्या उलट असतो. आठवड्यातली बहुतेक धाव अशा वेगानं करायची की शेजाऱ्याशी बोलता आलं पाहिजे. जोराचा सराव आठवड्यात एक-दोनदाच. रविवारी एक लांब धाव. आठवड्याचं एकूण अंतर एकदम न वाढवता दहा टक्क्यांच्या आसपास वाढवायचं, असा साधा ठोकताळा पाळायचा. हळू पळून वेग वाढतो हे पोरांना पटत नाही. पण दम हा हळू पळण्यातूनच तयार होतो. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंना ते वापरायची सवय लागते. १६०० मीटर ही धाव दिसायला छोटी असली तरी ती बरीचशी याच दमावर चालते.

वयाच्या अठ्ठाविशीला धाव थांबते

यातली सगळ्यात मोठी गळती कुठं आहे? पोलीस शिपाई भरतीला खुल्या गटासाठी वयाची अट २८, मागासवर्गीयांसाठी ३३. निवड झाली तर ठीक. नाही झाली, तर वयाची अट ओलांडली त्या दिवशी पोरगं बूट काढून ठेवतं. आठ-दहा वर्षं रोज पळालेलं शरीर पुढच्या पाच वर्षांत सुटतं. धावणं म्हणजे हुकलेली नोकरी, असं डोक्यात बसतं. पुन्हा रस्त्यावर यायची लाजही वाटते, कारण गावात लगेच विचारतात, "आता कशाला पळतोयस?"

आणि तिकडं चाळिशीत साखर वाढलेला माणूस शून्यापासून सुरुवात करत असतो. म्हणजे गावात धावणारी माणसं आहेत, पण पंचविशी आणि चाळिशीच्या मधला पूल तुटलेला आहे. हौशी धावण्याची खरी गरज इथं आहे. पदकासाठी नाही, नोकरीसाठी नाही, तर आयुष्यभर चालू राहील अशी सवय म्हणून. दोन तासांत हाफ मॅरेथॉन करायची तर किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद लागतात. भरतीची तयारी केलेल्या पोराला हा वेग जड नाही. त्याला फक्त सावकाश पळायला शिकावं लागेल आणि निकालाशिवाय पळायला शिकावं लागेल. दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे.

नोकरी मिळाली की धाव संपते असंही नाही. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आधी सैन्यात गेला, मैदानी खेळाकडं नंतर वळला. २०२० मध्ये दिल्लीत त्यानं हाफ मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत धावली, पुढं स्टीपलचेसमध्ये आशियाई सुवर्ण जिंकलं. आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमधून पुढं आली आणि २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. पी. टी. उषाच्या १९८४ नंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक प्रकारात अंतिम फेरीसाठी पात्र ठरलेली ती पहिली भारतीय महिला. दोन्ही गावं दुष्काळी पट्ट्यातली. दोघांच्याही लहानपणी गावात सिंथेटिक ट्रॅक नव्हता, हे कौतुकानं सांगितलं जातं. पण ते कौतुकाचं नाही, काळजीचं आहे. या दोघांसारखी किती पोरं त्याच रस्त्यावर मागं राहिली, याची मोजदाद कुणी केलेली नाही.

धोका कुठं आहे

पहिला धोका वाहनांचा. रस्ते रुंद झाले, गाड्यांचा वेग वाढला. ऊस हंगामात तर मागं रिफ्लेक्टर नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पहाटेच निघतात. त्यांना ओलांडणारी गाडी कडेला येते आणि कडेलाच पोरं पळत असतात. कानात इअरफोन असेल तर मागचं काहीच कळत नाही. समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेनं पळणं आणि अंगावर चमकणारी पट्टी असणं, एवढ्यानंही बराच फरक पडतो. पण हा इलाज नाही, बचाव आहे.

दुसरा धोका उन्हाचा आणि घाईचा. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईतल्या पोलीस भरतीत पाच किलोमीटरच्या धावेनंतर काही उमेदवारांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर धावेचं अंतर कमी झालं. २०२४ मध्ये झारखंडात उत्पादन शुल्क शिपाई भरतीत एका तासात दहा किलोमीटर धावताना दहाहून अधिक तरुण दगावले. रात्रभराचा प्रवास, उपाशीपोट, झोप नाही, दमट हवा आणि वर नोकरीचा ताण. शरीर एवढं सगळं एकदम सहन करत नाही.

हौशी धावपटूंनीही गाफील राहू नये. अमेरिकेत २००० ते २०१० या काळातल्या १ कोटी ९ लाख धावपटूंच्या नोंदी तपासल्या तेव्हा ५९ जणांचं हृदय धावताना किंवा नंतर लगेच बंद पडल्याचं दिसलं. प्रमाण फार कमी आहे, घाबरून धावणं सोडावं असं त्यात काही नाही. पण ज्यांना आधीपासून हृदयाचं दुखणं होतं आणि माहीत नव्हतं, असे लोक त्यात होते. चाळिशीनंतर धावायला सुरुवात करताना एकदा तपासणी करून घेणं एवढ्यासाठीच गरजेचं. छातीत दाब, डाव्या हाताला कळ, डोळ्यापुढं अंधारी आली तर थांबायचं. पदक पुढच्या वर्षीही मिळतं.

पाण्याचंही तसंच. कमी पाणी वाईट, हे सगळ्यांना माहीत आहे. नुसतं साधं पाणी भरमसाट पिणंही वाईट, हे थोड्यांना. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्के जणांच्या रक्तातलं सोडियम प्रमाणाबाहेर उतरलेलं होतं. तहान लागेल तसं प्यावं आणि लांब धावेत मीठ-साखरेचं पाणी ठेवावं, एवढं पुरतं.

गावोगाव 'मॅरेथॉन', पण तयारी किती?

आता जयंती, वर्धापनदिन, वाढदिवस, यात्रा, कशालाही मॅरेथॉन ठेवतात. उत्साह चांगला आहे. मात्र मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. पाच किलोमीटरच्या धावेला ते नाव दिलं म्हणून कुणाचं बिघडत नाही, पण अंतर मोजलेलं नसणं, धाव सुरू व्हायला पाहुण्यांची वाट बघत आठ वाजणं, टी-शर्ट-बॅनर भरपूर आणि रुग्णवाहिका एकच, तीही शेवटाला, याने बिघडतं. बक्षिसाच्या पैशासाठी भरतीची पोरं एका महिन्यात तीन-तीन ठिकाणी पळतात, दुखरा पाय घेऊन. त्यांना थांबवणारं कुणी नसतं.

आयोजकांनी भाषणं धावेनंतर ठेवली तरी अर्धं काम होईल. ऊन चढायच्या आत शेवटचा माणूस परत आला पाहिजे, हा एकच नियम पाळला तरी पुष्कळ.

बायकांची धाव उजाडल्यावरच

२०१३ मध्ये साठी ओलांडलेल्या लता करे नवऱ्याच्या उपचाराच्या पैशासाठी बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारी नेसून अनवाणी पळाल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर सिनेमा निघाला, राष्ट्रीय पुरस्कारांत त्याची दखलही घेतली गेली. राज्यानं डोळे पुसले. पण गावात आजही बाई पहाटे एकटी पळायला निघाली तर लोक वळून बघतात. अंधारात रस्त्यावर जाणं घरच्यांना नको असतं, उजाडल्यावर चूल, धारा, शाळेचे डबे. भरती करणाऱ्या मुली घोळक्यानं जातात, त्यांचं त्यामुळं निभतं. लग्न झालं की तेही थांबतं. बायकांसाठी उजेड असलेलं, कुंपण असलेलं मैदान ही चैन नाही. ते नसेल तर त्यांचं धावणंच होत नाही.

मागणी मोठी नाही

राज्य सरकारनं २०२२ मध्ये तालुका क्रीडा संकुलाच्या अनुदानाची मर्यादा १ कोटीवरून ५ कोटी रुपये केली. कागदावर रक्कम चांगली आहे. तालुक्यातल्या लोकांनी विचारायचं ते एवढंच, की आपलं संकुल कुठं अडलंय? जागेत, निविदेत की कुलपात? इमारत उभी आणि फाटक बंद, अशा संकुलाचा पळणाऱ्याला उपयोग नाही.

आणि संकुलाची वाट बघत बसायचीही गरज नाही. चारशे मीटरचा मातीचा ट्रॅक आखायला रोलर, चुना आणि मोजपट्टी लागते. हायस्कूलचं मैदान पहाटे पाच ते सात उघडं ठेवायला संस्थेचा ठराव लागतो. दोन दिवे लावायला ग्रामपंचायतीची इच्छा लागते. आठवड्यातून एकदा चाळिशीतल्या हौशी धावपटूंनी भरतीच्या पोरांना सरावाचं वेळापत्रक समजावून सांगितलं, आणि त्या पोरांनी या मंडळींना वेगात पळायला शिकवलं, तर त्याला एक रुपयाही लागत नाही.

मॅरेथॉन पळणारे सांगतात की खरी परीक्षा तिसाव्या किलोमीटरनंतर असते. तोवर स्नायूंत साठवलेली साखर संपत येते, पाय जड होतात आणि पुढं नेतो तो महिनोन् महिन्यांचा सराव. तालुक्यांच्या धावण्याचंही तसंच आहे. टी-शर्ट, झेंडे, पहिल्या दिवसाची गर्दी हे सुरुवातीचे किलोमीटर झाले. येत्या ऊस हंगामात ट्रॉल्या रस्त्यावर उतरायच्या आत तालुक्यात किमान एक मैदान पहाटे उघडं मिळालं, तर पुढचा पल्ला सुरू झाला म्हणता येईल.