उन्हाळ्याची कमाई आणि घराची पात्रता

अमेरिकेत परवडणाऱ्या घरासाठी अर्ज करणाऱ्या कुटुंबाला घरातल्या सगळ्यांची मिळकत कागदावर मांडावी लागते. 1986 च्या करसवलत योजनेतून उभ्या राहिलेल्या इमारतींत उत्पन्नाची मर्यादा बहुतेक ठिकाणी त्या भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या 50 किंवा 60 टक्के असते. प्रवेशाच्या वेळी एक डॉलर जरी जास्त भरला, तरी अर्ज बाद होतो. अशा हिशेबात कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने उन्हाळी सुट्टीत गोदामात किंवा दुकानात काम करून मिळवलेले पैसे धरायचे का, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

केंद्रीय नियमात विद्यार्थ्यांना संरक्षण आहे. अठरा वर्षांवरील पूर्णवेळ विद्यार्थी घरात अवलंबून असेल, तर त्याच्या मजुरीतली ठरावीक रक्कमच धरली जाते. ती कित्येक वर्षे वर्षाला 480 डॉलर होती. 2016 च्या कायद्याने तिला महागाईशी जोडले. बाकीची कमाई मोजत नाहीत.

धोका ‘पूर्णवेळ’ या अटीत आहे. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांमध्ये बहुसंख्य मुले अर्धवेळ शिकतात आणि त्यांतल्या अनेकांच्या अर्धवेळ शिकण्याचे कारण पैसा हेच असते. फी भरायला काम करावे लागते, कामामुळे विषय कमी घ्यावे लागतात आणि विषय कमी झाले की संरक्षण जाते. ज्याला सवलतीची गरज सर्वांत जास्त, नेमका तोच तिच्यातून गळतो. लहान मूल सांभाळत शिकणारी एकटी आई पूर्णवेळ शिकत असली, तरी ती स्वतःच कुटुंबप्रमुख असल्यामुळे तिची मजुरी पूर्ण धरली जाते.

दुसरा धोका गणिताचा आहे. पात्रता ठरवताना पुढच्या बारा महिन्यांचे उत्पन्न अंदाजाने काढतात. समजा, अर्धवेळ शिकणारी मुलगी ताशी 15 डॉलरने आठवड्याला 40 तास, असे दहा आठवडे काम करते. तिची खरी कमाई 6,000 डॉलर. पण अर्ज जुलैत तपासला आणि हातातल्या पगाराच्या पावतीला 52 आठवड्यांनी गुणले, तर कागदावर 31,200 डॉलर उभे राहतात. जिथे भाडे उत्पन्नाच्या 30 टक्के असते, तिथे तिच्या कमाईमुळे दरमहा 150 ऐवजी 780 डॉलर वाढू शकतात. हंगामी काम आहे हे सांगून, जुन्या पावत्या दाखवून आकडा दुरुस्त करून घेता येतो. पण त्यासाठी नियम माहीत हवा, तपासणाऱ्याला सवड हवी. शिवाय ‘पुन्हा मिळणार नाही असे उत्पन्न’ म्हणून ही कमाई वगळताही येत नाही. नव्या नियमांत हंगामी कामगाराला तो मार्ग स्पष्टपणे बंद आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. घरे थोडी, रांगा लांब. मग ज्या घरात वर्षभर चांगला पगार येतो त्याने मागे थांबावे. वर्षभराच्या पगाराबाबत ते मान्यच आहे. पण दहा आठवड्यांच्या मजुरीतून घरभाडे निघत नाही. ती पुढच्या सेमिस्टरच्या फीला आणि पुस्तकांना जाते, आणि सप्टेंबरमध्ये पगार थांबतो.

हिशेब असाच चालला, तर आईवडील मुलाला सुट्टीत काम करू नको म्हणतील, किंवा भाडेकरारातून त्याचे नाव काढतील. पहिल्यात शिक्षणाचा पैसा जातो. दुसऱ्यात मूल आपल्याच घरात बेकायदा राहू लागते आणि ते उघड झाले तर अख्ख्या कुटुंबाचे घर धोक्यात येते. दोन्ही वाटा कुटुंब प्रामाणिकपणे उभे राहू पाहत असतानाच त्याला ढकलतात.

किती विषय घेतले हे न पाहता, कॉलेजात नाव असलेल्या प्रत्येक मुलामुलीची सुट्टीतली कमाई या मोजणीतून वगळली पाहिजे, मग ती घरातली कर्ती असो वा नसो. हा बदल होईपर्यंत अर्जदारांनी एक काळजी घ्यावी: काम किती आठवड्यांचे आहे हे मालकाकडून लेखी घ्यावे आणि पगाराच्या पावतीसोबत तेही जोडावे.