कोरे ठेवा ते बाण

सेनापती बापट रस्त्यावरच्या ‘बालभारती’च्या इतिहासाच्या पुस्तकांत ‘संकल्पनाचित्र पूर्ण करा’ हा स्वाध्याय ओळखीचा आहे. मुले चौकटी भरतात, गुण मिळतात. बाणांवर बहुधा शब्दच नसतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी १९७२च्या सुमारास ही पद्धत घडवली, तेव्हा तिचा जीव दोन कल्पना जोडणाऱ्या शब्दातच होता. ‘डास’ आणि ‘डेंगी’ या चौकटी कुणीही लिहील. मधल्या बाणावर ‘डेंगी निर्माण करतो’ लिहायचे की ‘डेंगीचा विषाणू पसरवतो’, इथे समज उघडी पडते. डेंगीला फक्त गटाराशी जोडणारा विद्यार्थी हमखास निघतो. एडिस डास तर पिंपातल्या, कुंडीखालच्या स्वच्छ पाण्यात वाढतो!

‘सीमॅप टूल्स’सारख्या मोफत ऑनलाइन साधनांत चार मुले चार घरांतून एकच चित्र काढू शकतात, बाण पुसून पुन्हा जोडता येतो. मात्र शिक्षकांनी तयार चित्र पाठवले किंवा गटातल्या एकीनेच सगळे उरकले, तर ते रंगीत गाईडच. पुण्यातल्या शाळांनी चौकटी भरून द्याव्यात, बाण कोरे ठेवावेत आणि मुलांना त्या शब्दांवरून भांडू द्यावे. पावसाळ्याच्या तोंडावर डेंगीपासूनच सुरुवात करता येईल.