नर कोणाच्या पदरी, मादी कोणाच्या?

तळोजा औद्योगिक वसाहतीने भोवतालच्या गावांची भातशेती गिळली. २०१६ साली तळोजा पनवेल महानगरपालिकेत गेले. तरीही गावठाणातील ज्या अंगणात आज चार कोंबड्या आहेत, तेथे अंड्यांचा पैसा घरच्या बाईच्या हाती राहतो. अशी बाई फेरीवाल्याकडून दहा पिल्ले घेते, दोन-अडीच महिने दाणा घालते, आणि मग ध्यानात येते की जवळजवळ सगळेच कोंबडे निघाले. शेजारीपाजारी नशिबाला बोल लावतात. परंतु यात नशिबाचा भाग थोडा, बाजाराचा फार.

निसर्गात नर-मादी निम्मेनिम्मे जन्मतात. एक दिवसाच्या पिल्लाचे गुदद्वार तपासून नर-मादी ओळखण्याची पद्धत मासुई व हाशिमोतो या जपानी शास्त्रज्ञांनी १९२०-३० च्या दशकात विकसित केली. सरावलेला कामगार तासाला हजाराच्या आसपास पिल्ले निवडतो. काही संकरित वाणांत पंखांच्या पिसांची लांबी किंवा पिल्लाचा रंग पाहूनही निवड होते. म्हणजे उबवणी केंद्राला पहिल्याच दिवशी जे ठाऊक असते, ते गरीब गिऱ्हाइकाला तुरा लाल होऊन वाढू लागेपर्यंत, सहा-आठ आठवडे, कळत नाही.

अंड्यांच्या वाणातील नर अंडी देत नाही आणि मांसाच्या वाणासारखा झपाट्याने वाढतही नाही. भांडवलाला तो निरुपयोगी. म्हणून मादी मोठ्या फार्मवर जाते. नर बहुधा पहिल्याच दिवशी मारला जातो. वाचलाच तर गुलाबी-हिरव्या रंगात बुडवून जत्रेत वा आठवडी बाजारात येतो. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून अशा हत्येवर बंदी घातली. आपल्याकडे मात्र कारखानदाराचा टाकाऊ माल गरिबाच्या टोपलीत ‘स्वस्त पिल्लू’ म्हणून पडतो.

विक्रेत्याला माहिती आहे आणि गिऱ्हाइकाला नाही, अशा बाजारात वाईट माल चांगल्याला हुसकावतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींचा दाखला देऊन मांडले. त्यांना त्यासाठी २००१ साली नोबेल मिळाले. अंगणातल्या बाईला हे सूत्र कोणी शिकवण्याची गरज नाही. ती त्याची किंमत दाण्याच्या रूपाने मोजत आली आहे.

‘गिऱ्हाइकाने पारखून घ्यावे’ असे सांगणारे मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते भेटतील. जे पारखण्यासाठी महिनोन्‌महिने सराव लागतो, ते रस्त्यावर उभे राहून कसे पारखायचे?

उपाय नवा नाही. राज्याच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत आठ-दहा आठवड्यांच्या २५ तलंगा आणि ३ नर यांचा गट निम्म्या अनुदानावर देण्याची तरतूद केली गेली होती. त्या वयात नर-मादी डोळ्यांना दिसते. तेथे फसवणुकीला जागा नाही. तेच तत्त्व सर्वत्र लावावे. शासकीय उबवणी केंद्रांतून वनराजा, गिरिराजा यांसारखी परसातील, अंडी-मांस दोन्ही देणारी पिल्ले गावोगाव पोचावीत. त्यांतला नरही वाया जात नाही. आणि खासगी केंद्राने विकलेल्या प्रत्येक खोक्यावर वाण व नर-मादी लिहिण्याची सक्ती असावी.

निवड करणाऱ्या हातांना जे पहिल्या दिवशी कळते, ते विकत घेणाऱ्या हातांनाही त्याच दिवशी कळले पाहिजे. एवढी साधी मागणी ज्या शासनाला झेपत नाही, त्याने ग्रामीण महिलांच्या स्वावलंबनाची भाषणे तरी थांबवावीत.