इंधन पालटतांना

अमेरिकेंत राहणारा आमचा एक जुना विद्यार्थी परवां भेटीस आला. वेगवान् मोटारींचा त्यास मोठा नाद. आपल्या गाडींत तो कधीं पेट्रोल, तर कधीं 'ई८५' नांवाचें इंधन भरतो. ह्या ई८५ मध्यें ऋतुमानाप्रमाणें शेंकडा ५१ ते ८३ भाग मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, असतो.

"जळतात दोन्ही, मग भेद तो काय?" असें आम्हीं विचारलें.

भेद हवेच्या प्रमाणांत आहे. वजनी १ भाग पेट्रोल जाळण्यास १४.७ भाग हवा लागते. शुद्ध मद्यार्कास सुमारें ९. अर्थात् तितक्याच हवेस मद्यार्क बराच अधिक द्यावा लागतो. परंतु वाफ होतांना तो आंतील हवा निववितो आणि दाब वाढला तरी सहसा अवेळीं पेटत नाहीं. म्हणून त्यावर एंजिनाची शक्ति वाढवितां येते. स्वीडनमधील कोनिगसेगची सीसीएक्स मोटार पेट्रोलवर ८०६ अश्वशक्तीची होती. २००७ सालीं आलेली सीसीएक्सआर ई८५ वर १,०१८ अश्वशक्तीची झाली.

खरा धोका पालटांत आहे. मद्यार्कासाठीं वाढविलेला दाब तसाच ठेवून आमच्या विद्यार्थ्यानें एकदां पेट्रोल भरलें. तें अवेळीं पेटून दट्ट्या फुटला आणि एंजिन गेलें! "गुरुजी, टाकींत उरलेलें इंधनहि हिशेबांत धरावें लागतें," तो म्हणाला. आतां मिश्रण मोजणारें उपकरण त्यानें बसविलें आहे. त्यानुसार दाब व इंधनाचें मान आपोआप बदलतें.

वैद्य औषध पालटतो, तेव्हां मात्रा आणि अनुपानहि पालटतो. घरोघरच्या वृद्धांस हें ठाऊक आहे. यंत्रासहि तोच नियम लागू.