आकडा कुठून आला?

‘डेटाशीट वाचा’ ही माझी टकळी ऐकून विटलेल्यांनी आज खुशाल पान उलटावं. पण या आठवड्यात इथल्या एका विज्ञान प्रदर्शनात ‘स्मार्ट जीवरक्षक यंत्र’ पाहिलं आणि गप्प बसवेना. एमक्यू-135 या वायुसेन्सरचं मॉड्यूल, आर्डुइनो आणि लांब वायर. विहिरीत सोडायचं, पडद्यावर कार्बन डायऑक्साइडचे पीपीएम वाचायचे, हिरवा एलईडी लागला की माणसानं गाळ काढायला उतरायचं. आकड्यापुढे दोन दशांशही होते. माझा जुना संशय असा, की परीक्षक दशांश मोजूनच गुण देतात.

कुंडी भंडारा ही 1615 सालची भूमिगत पाणीयोजना मिरवणाऱ्या आपल्या बुऱ्हाणपुराला निदान विहिरीच्या हवेबद्दल तरी फसवू नये. जुनी माणसं उतरण्याआधी पेटता दिवा दोरीनं खाली सोडत. विझला तर कुणी उतरत नसे. हा दिवा आणि ते मॉड्यूल शेजारी ठेवून पाहा. दिवा एकच गोष्ट तपासतो: जळायला पुरेसा प्राणवायू आहे का? हवेत तो सुमारे 21 टक्के असतो. 16-17वर आला की ज्योत मावळते. मॉड्यूलमध्ये मात्र हीटरनं तापवलेला टिन ऑक्साइडचा थर असतो. अमोनिया, अल्कोहोल, बेंझीन, धूर, काहीही आलं की त्याचा रोध घटतो. आलेला पाहुणा नेमका कोण, हे त्याला सांगता येत नाही.

खरी गंमत पुढे आहे. डेटाशीटमधले आलेख 20 अंश तापमान, 65 टक्के आर्द्रता आणि 21 टक्के प्राणवायू धरून काढलेले आहेत. आपल्या मे महिन्याचं सोडा. पण विहिरीत जो प्राणवायू संपला असेल अशी भीती, तोच शाबूत आहे असं धरून हे यंत्र आकडा सांगतं!

आणि तो आकडा येतो कुठून? सगळे उतरवून घेतात ती तयार कोडची लायब्ररी बाहेरची हवा चारशेच्या आसपास पीपीएम आहे असं मानून सेन्सर जुळवते. म्हणजे आपणच सांगितलेलं उत्तर तो आपल्याला परत ऐकवतो. मॉड्यूलवरचा निळा स्क्रू फिरवून अचूकता वाढते हाही गैरसमज. त्यानं फक्त डिजिटल इशाऱ्याची पातळी बदलते.

म्हणून दिवाच सोडा, असं मी म्हणणार नाही. हायड्रोजन सल्फाइड जीवघेणा असला तरी दिवा जळतच राहतो, आणि मिथेन साठलेल्या खड्ड्यात तर तोच स्फोट घडवेल. प्राणवायूसाठी इलेक्ट्रोकेमिकल सेल आणि कार्बन डायऑक्साइडसाठी इन्फ्रारेड सेन्सर लागतो. तेही दोन्ही जुळवून, तपासून घेतलेले हवेत. शाळकरी प्रकल्पाच्या भरवशावर कुणी विहिरीत उतरू नये.

एमक्यू घराण्याशी माझं वैर नाही. जपानच्या नाओयोशी तागुचींनी 1962 साली अशा सेन्सरचं पेटंट मागितलं, आणि गॅसगळतीच्या घंटेसाठी तो उत्तम ठरला. मुलांनी एमक्यू-6 घ्यावा, पहिल्यांदा चोवीस तास तापू द्यावा, आणि स्वयंपाकघरात जमिनीलगत लावून शिकावं. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यानं खालीच साठतो.

परीक्षकांनी मात्र पुढच्या वेळी एवढंच विचारावं: हा आकडा कुठल्या वायूत पडताळला? ‘कोडमध्येच होता’ असं उत्तर आलं, तर बक्षीस कोड लिहिणाऱ्याच्या पत्त्यावर पाठवावं.

— डेटाशीटवाला