फुकट कशाला म्हणता?

फुकट मिळालेल्या वस्तूविषयी आपल्या मराठी मध्यमवर्गाच्या मनात दोनच भावना असतात. एक, ती आधी पदरात पाडून घ्यावी. आणि दुसरी, ती हलकीच असणार. देणाऱ्याविषयी कृतज्ञता ही तिसरी भावनाही असू शकते, हे आपल्या गावीही नसते. या एका विषयावर मी आमच्या ग्वाल्हेरच्या मंडळींशी गेली काही वर्षे भांडतो आहे. हा अंक दोन भाषांत जगणाऱ्या घरांतून वाचला जातो, म्हणून तेच भांडण आज आपल्या अंगणात आणतो. वाचकांनी रागावू नये. रागवायचेच असेल तर निदान पूर्ण वाचून रागवावे.

विषय संगणकाचा आहे. मी एम. ए. झालो तो मराठी घेऊन. यंत्राच्या पोटात काय चालते ते मला कळत नाही. पण तीस वर्षे वर्ग घेतल्यावर माणसांच्या पोटात काय चालते ते थोडेफार कळू लागते. आमच्या शाळेच्या संगणक-खोलीतली यंत्रे जुनी झाली, तेव्हा पुरवठादाराने सरळ सांगितले, भंगारात काढा. एका माजी विद्यार्थ्याने दोन रविवार खर्चून त्यांवर 'डेबियन' नावाची ऑपरेटिंग सिस्टीम घातली आणि यंत्रे पुन्हा चालू लागली. पालक-समितीच्या बैठकीत प्रश्न आला, "सर, हे कुणाच्या मालकीचे? कुणाच्याच नाही? मग बिघडले तर पकडायचे कुणाला?"

प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर मात्र समितीतल्या कुणालाच ऐकायचे नव्हते.

डेबियनची घोषणा १६ ऑगस्ट १९९३ रोजी इयन मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने केली. नावात त्याच्या मैत्रिणीचे, डेब्राचे, आणि त्याचे स्वतःचे नाव गुंफले आहे. (आपल्याकडे असे काही केले असते तर पहिला वाद नावावरूनच झाला असता.) या प्रणालीत आज सुमारे सत्तर हजार 'पॅकेजे' आहेत. पॅकेज म्हणजे काय, तर एखादा प्रोग्राम दुसऱ्या कुणी लिहिलेला असतो; तो नीट बांधून, त्याला कोणकोणत्या दुसऱ्या प्रोग्रामांची गरज आहे ते लिहून, त्याचा परवाना तपासून, तुमच्या यंत्रावर एका आज्ञेने बसेल असा करून ठेवलेला गठ्ठा. प्रत्येक गठ्ठ्यावर एक नाव असते. ते लिहिणाऱ्याचे नव्हे, सांभाळणाऱ्याचे. इंग्रजीत त्याला मेंटेनर म्हणतात. हे सांभाळणारे जगभर विखुरलेले आहेत आणि डेबियनकडून त्यांना पगार मिळत नाही. कुणाला त्याची कंपनी या कामासाठी वेळ देते. बाकीचे रात्री जेवणे झाल्यावर बसतात.

आणि ते करतात तरी काय? लेखकाने नवी आवृत्ती काढली की ती आणतात, बांधतात, तपासतात. कुठे फट सापडली की ती बुजवतात आणि दुरुस्ती मूळ लेखकाकडेही पाठवतात. कुणा अनोळखी माणसाची "चालत नाही" एवढीच तक्रार आली तर त्याला सौजन्याने विचारतात, "नेमके काय चालत नाही?" आम्हा शिक्षकांना ही व्यवस्था चटकन समजेल. नवे पॅकेज आधी 'अनस्टेबल' नावाच्या वर्गात बसते. तिथे काही दिवस गंभीर दोष निघाला नाही तर 'टेस्टिंग'मध्ये चढते. आणि साधारण दोन वर्षांनी सगळा वर्ग एकदम 'स्टेबल' म्हणून उत्तीर्ण होतो. आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' चित्रपटातल्या खेळण्यांची नावे असतात, आणि कायम अस्थिर राहणाऱ्या वर्गाला त्यातल्या खेळणी मोडणाऱ्या मुलाचे, सिडचे, नाव आहे. तेव्हा विनोदबुद्धीही आहे. ऑगस्ट २०२५ च्या आवृत्तीत चौदा हजारांहून अधिक नवी पॅकेजे आली आणि आठ हजारांहून अधिक कालबाह्य म्हणून काढून टाकली गेली. काढून टाकणे हेही सांभाळण्याचेच काम असते, हे ज्यांच्या माळ्यावर आजोबांची मोडकी छत्री आहे त्यांना कसे पटावे?

आता "पकडायचे कुणाला" याचे उत्तर. पकडायला नाव आहे, पत्ता आहे, आणि तक्रारीची वही जगासमोर उघडी आहे. दोष लपवणार नाही, हे डेबियनने १९९७ च्या आपल्या सामाजिक करारात लिहून ठेवले. नोंदलेल्या तक्रारींनी दहा लाखांचा टप्पा केव्हाच ओलांडला. प्रत्येकीला क्रमांक आहे आणि कुणीही ती वाचू शकतो. यांच्याही हातून मोठ्या चुका झाल्या. २००६ मध्ये एका पॅकेजात केलेल्या बदलामुळे गुप्त किल्ल्या अंदाजाने ओळखता येण्याजोग्या झाल्या, आणि ते २००८ पर्यंत ध्यानात आले नव्हते. ध्यानात आल्यावर मात्र त्यांनी स्वतःच जगाला ओरडून सांगितले. आपल्या किती मंडळांच्या हिशेबाच्या वह्या अशा उघड्या असतात? मी उत्तराची वाट पाहत नाही.

मी राहतो त्या फूलबागेत एकाच परिसरात गोपाळ मंदिर आहे, मोती मशीद आहे, गुरुद्वारा आहे आणि थिऑसॉफिकल लॉजही आहे. पाहुणा आला की आम्ही अभिमानाने दाखवतो आणि शिंद्यांचे नाव घेतो. बांधणाऱ्याचे नाव आम्हाला पाठ आहे. छत गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी वर चढणाऱ्याचे नाव मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेले नाही. संगणकाच्या जगातही हीच रीत आहे. लिनस टोरवाल्ड्सचे नाव शाळकरी पोरही सांगते. सत्तर हजार गठ्ठे सांभाळणाऱ्यांपैकी एकाचे नाव सांगा पाहू.

यात एक शब्द असा आहे, की तो ऐकला तेव्हा मी चरकलो. सांभाळणारा थकला, आजारी पडला, संसारात बुडाला की तो कळवतो, मला आता जमणार नाही. मग ते पॅकेज 'अनाथ' म्हणून जाहीर होते आणि दत्तक घेणाऱ्याची वाट पाहते. अधिकृत यादीतच 'ऑर्फन' आणि 'अडॉप्शन' हे शब्द आहेत. कुणी पुढे आले नाही आणि दोष साचत गेले तर एक दिवस ते काढून टाकले जाते.

थकलेल्या माणसाला एकटे सोडले की काय होते, हे मार्च २०२४ मध्ये जगाने पाहिले. 'एक्सझेड' नावाचे, फाइली दाबून लहान करणारे एक साधन बहुतेक सगळ्या लिनक्स यंत्रांत असते. ते फिनलंडमधला एक माणूस बिनपगारी छंद म्हणून वर्षानुवर्षे सांभाळत होता. काम हळू चालते म्हणून अनोळखी नावांनी त्याच्यामागे लकडा लावला. त्याच वेळी एक 'मदतनीस' दोन-अडीच वर्षे गोड वागून विश्वासात शिरला आणि अखेर त्याने त्यात चोरदरवाजा बसवला. तो पकडला अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने, डेबियनच्या त्या सिड वर्गातल्या यंत्रावर काम करताना. लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढीच खूण होती! त्याआधी २०१४ मध्ये 'हार्टब्लीड'चा दोष सापडला तेव्हा कळले की जगातल्या निम्म्याअधिक व्यवहारांचे कुलूप असलेल्या 'ओपनएसएसएल'ला वर्षाकाठी जेमतेम दोन हजार डॉलर देणग्या मिळत होत्या.

इथे काही सुज्ञ म्हणतील, मग कोट्यवधी कमावणाऱ्या कंपन्यांनी पैसे द्यावेत, आमच्या माथी का मारता? द्यावेतच. स्वयंसेवकाच्या जिवावर मोठे होऊन त्याला विचारायचे नाही, ही लूट आहे आणि तिला लूटच म्हटले पाहिजे. सरकारनेही द्यावेत, 'सी-डॅक'ची 'बॉस' ही भारतीय म्हणून मिरवली जाणारी प्रणाली डेबियनवरच उभी आहे. पण दुसरा देत नाही म्हणून मी देत नाही, हा युक्तिवाद मी नववीच्या वर्गात रोज ऐकतो. तिथे तो वयाला शोभतो.

आणि आपल्या माथी मारण्याचे खास कारण आहे. आपण मराठीही वाचतो आणि हिंदीही. युनिकोडमध्ये दोन्हींचा 'ल' एकच, पण हिंदीचा दंडयुक्त आणि आपला पाकळीयुक्त. 'श'चेही तसेच, आपला देठयुक्त. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात ही रूपे ठरवून दिली. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक 'र'च्या एका आकड्यावर आहे. 'ॲ' या अक्षराला तर युनिकोडमध्ये जागाच २००८ साली मिळाली. हे सगळे पडद्यावर बरोबर उमटते ते कुणीतरी फॉन्टमध्ये तशी सोय केली आणि दुसऱ्या कुणी तो फॉन्ट बांधून ठेवला म्हणून. डेबियनमध्ये 'लोहित' फॉन्टचे मराठीसाठी वेगळे पॅकेज आहे. मराठी अक्षर चुकले, हे कॅनडातल्या किंवा जर्मनीतल्या सांभाळकर्त्याला कसे कळणार? ज्याच्या घरात दोन्ही 'ल' रोज वाचले जातात त्यालाच ते आधी दिसते. म्हणजे बेळगावला, बिदरला, बऱ्हाणपूरला, ग्वाल्हेरला, तुम्हाआम्हाला. फेब्रुवारी २००९ च्या आवृत्तीत डेबियन मराठीतून यंत्रावर बसवण्याची सोय झाली. कुणीतरी रात्री जागून ती वाक्ये मराठीत आणली होती. आपल्यापैकी किती घरांत ही बातमी पोचली?

मल्याळी माणसांकडे पाहा. त्यांचा 'स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग' हा गट २००२ पासून आपल्या लिपीचे फॉन्ट आणि साधने स्वतः घडवतो आहे. केरळच्या सरकारी शाळांत मुले मुक्त प्रणालीवर शिकतात. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची जागतिक परिषद भरली ती कोचीला. आपल्याकडे लोहितचे काम पुण्यात झाले खरे, पण एका परदेशी कंपनीच्या कचेरीत, पगारी माणसांकडून. काम उत्तम झाले, श्रेय त्यांचे. मराठी अस्मितेच्या नावाने पाट्या रंगवणाऱ्यांनी त्यात काय केले?

"आम्हाला प्रोग्रामिंग येत नाही" ही सबब चालणार नाही. तक्रार लिहायला ते लागत नाही; चुकलेले अक्षर कोणते, कुठे, कसे दिसायला हवे, एवढे स्वच्छ लिहिता यावे लागते. भाषांतर तपासायला लागते ते मराठी. आणि ज्यांना प्रोग्रामिंग येते ती आपलीच मुले बंगळूरला, पुण्याला, हैदराबादला याच पॅकेजांवर नोकऱ्या करतात. दिवाळीला घरी येतील तेव्हा पगाराबरोबर एवढेही विचारा, की तू रोज वापरतोस त्यातले अनाथ कोणते, आणि एखादे घेशील का.

उरला वेळेचा प्रश्न. आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर यंदा गणपतीच्या फलकावर 'ग्वाल्हेर' लिहावे की 'ग्वालियर', यावर तीन दिवस वाद चालला, रात्री एक-एक वाजेपर्यंत, आणि त्यात साठ-सत्तर माणसे होती. फलकावरचा 'ल' दंडाचा छापून आला होता. तो कुणाच्याच नजरेला पडला नाही.